मणक्याचा रिपोर्ट नॉर्मल, खुब्याचा नाही

उतारवयात बाबांना समोर उभ्या माणसाचा चेहरा बघायचा तर गुडघे वाकवून मागे रेलावं लागायचं. मान वळतच नव्हती. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात वजनं उचलून पाठ गेली, असं घरात सगळे धरून चालले होते. सत्ताविसाव्या वर्षी मलाही पहाटे चारला पाठ आखडून जाग यायला लागली, आणि अंथरुणात पडून राहिलं की दुखणं वाढायचं, चाललं की कमी व्हायचं, तेव्हाही आम्ही गादीच बदलली. आजाराचं नाव कळायला सहा वर्षं गेली. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे दाहाने मणके जखडत नेणारा संधिवात; रक्तात एचएलए-बी२७ हे जनुक पॉझिटिव्ह. या जनुकाचा आणि आजाराचा संबंध १९७३ सालीच सापडला होता, हे वाचलं तेव्हा बाबांची फार आठवण आली.

गोळ्या, मग दाह कमी करणाऱ्या अडालिमुमॅबची इंजेक्शनं, सकाळचा व्यायाम हे सगळं अंगवळणी पडलं होतं. हाडं ठिसूळ होतात ती आई-आजीची, असं मी समजून होतो. माझं वय एक्केचाळीस.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घोडबंदर रोडला रिक्षा खड्ड्यात आपटली आणि पाठीच्या मधोमध कळ गेली. मी ती नेहमीच्या दुखण्यात जमा केली आणि तीन आठवडे ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीला ऑफिसला जात राहिलो. बायको म्हणाली, "अहो, हे तुमचं रोजचं दुखणं नाही. रोजचं चालल्यावर थांबतं, हे चालल्यावर वाढतंय." तिचं निरीक्षण माझ्यापेक्षा नेमकं होतं.

घराजवळच्या एका सेंटरमध्ये डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतली. त्यांनी फक्त कंबरेचे मणके तपासले. टी-स्कोर (निरोगी तरुण हाडाशी केलेली तुलना) अधिक ०.४, शेरा 'नॉर्मल'. मी निर्धास्त झालो आणि आणखी दोन महिने वाया घालवले. याचा राग मला आजही येतो, कारण फॉर्मवर आजाराचं नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

संधिवाताच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी माझी उंची मोजली. पासपोर्टच्या वेळी १७२ सेंटिमीटर होती, आता १६९. मग एक्स-रे खिडकीकडे धरून पेनाच्या टोकाने दाखवलं: मणक्यांच्या कडेने नवीन हाड वाढून एकाला दुसरा जोडला जात होता. "मशीनला हेही हाडच दिसतं," त्या म्हणाल्या. "आकडा फुगतो. आतून मणका पोकळ होत असला तरी बाहेरच्या कवचामुळे रिपोर्ट चांगला येतो." बाराव्या पाठमणक्याचा पुढचा भाग पाचरीसारखा दबला होता. रिक्षा आपटली त्या दिवशीचंच ते असणार.

दाहात शरीर टीएनएफसारखी रसायनं सोडतं, ती हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. म्हणजे एकच आजार बाहेरून हाड चढवतो आणि आतून पोखरतो. इतकी वर्षं हा आजार अंगात घेऊन फिरतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी खुब्याची डेक्सा झाली. आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, एवढंच पथ्य. टेबलावर उताणं झोपवून टेक्निशियन ताईंनी माझं पाऊल आत वळवलं आणि पट्ट्याने ठोकळ्याला बांधलं. ताठरलेला खुबा तेवढाही वळेना. त्यांनी घाई केली नाही, "सावकाश, दादा, श्वास सोडा" म्हणत दोनदा पट्टा सैल करून पुन्हा बांधला. वरून यंत्राचा हात सरकत गेला, दहा मिनिटांत संपलं. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला झेड-स्कोर बघतात. उणे २ किंवा त्याखाली गेला की वयाच्या मानाने हाड कमी. माझा उणे २.४ होता.

ड जीवनसत्त्व ९ निघालं, म्हणजे फारच कमी. आधी ते भरून काढलं, दर रविवारी दुधातून एक पुडी. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन हलणारी दाढ काढून घेतली, कारण पुढच्या औषधाने क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते. किडनीची तपासणी झाली. मग हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन, वर्षातून एकदा, अर्ध्या तासाचं काम. त्या रात्री मात्र थंडी वाजून ताप भरला आणि अंग ठेचल्यासारखं दुखलं. पहिल्या वेळी असं होतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. पॅरासिटामॉल घेतली, दोन दिवसांत उतरलं.

आता उपवनला रोज चालतो. वाकून बादली उचलत नाही. मागच्या महिन्यात त्याच मशीनवर पुन्हा खुबा तपासला, आकडा उणे २.२ आहे. दबलेला मणका तसाच राहणार, पण दुसरा दबलेला नाही.

धाकटा भाऊ कळव्याला असतो. गणपतीत आरतीला उभं राहताना त्याने कंबरेवर हात ठेवला, तो मी बघितला. जनुक घरात असलं म्हणजे आजार होतोच असं नाही, हे त्याला नीट सांगितलं. पहाटे किती वाजता जाग येते विचारलं, तर म्हणाला, "चारच्या सुमारास." शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. मी सोबत जाणार आहे, बाबांचा जुना एक्स-रे घेऊन.