क्लिओपात्राची एक फेरी मोजताना

पहिल्या रात्री जेमतेम साडेतीन तास मिळाले, मग ढग आले. तेवढ्या वेळात क्लिओपात्रा हा लघुग्रह उजळला, मंदावला आणि पुन्हा उजळला. तेजाच्या आलेखातल्या दोन शिखरांमधलं अंतर 2.7 तास भरलं, आणि हाच परिवलनकाळ, म्हणजे स्वतःभोवतीच्या एका फेरीचा वेळ, असं मी वहीत लिहूनही टाकलं. ते चुकलं होतं. लांबट दगड स्वतःभोवती फिरताना एका फेरीत दोनदा लांब बाजू आपल्याकडे करतो, म्हणून शिखरंही दोन येतात. दुसऱ्या रात्री लागोपाठच्या दोन दऱ्यांची खोली वेगवेगळी निघाली, तेव्हा उलगडा झाला. फेरी साधारण 5.4 तासांची होती.

त्यातलं ‘साधारण’ घालवायला दीड महिना लागला. पुढची स्वच्छ रात्र मिळाली ती 14 दिवसांनी, म्हणजे 336 तासांनी. मधल्या काळात पूर्ण फेऱ्या 62 झाल्या की 63? एका फेरीने हिशेब बदलला की परिवलनकाळ पाचेक मिनिटांनी सरकतो, आणि आलेख दोन्हीकडे तितकाच छान जुळतो. मग दोन दिवस, पाच दिवस अशी लहान अंतरं ठेवून पुन्हा निरीक्षणं घेतली, तेव्हा कुठे एकच उत्तर टिकलं. शिवाय लघुग्रहाचं अंतर रोज बदलतं, त्यामुळे प्रकाश पोचायला लागणारा वेळ प्रत्येक नोंदीतून वजा करावा लागला. शेवटी 5.385 तास हा आकडा हाती आला, आधी प्रसिद्ध झालेल्या मोजमापाशी जुळणारा. त्या रात्री झोप लागली नाही.

आकाराचं काम याहून अवघड होतं. एका वर्षाच्या निरीक्षणांत आपण त्याला जवळजवळ एकाच दिशेने बघत असतो, म्हणून निरनिराळ्या वर्षांचे जुने दीप्तिवक्र, म्हणजे तेजाच्या चढउताराचे आलेख, सोबत घेतले. फिनलंडचे गणितज्ञ मिक्को कासालाइनेन यांनी 2001 मध्ये मांडलेली पद्धत अशा सगळ्या वक्रांतून आकार काढते, पण तो सगळीकडून फुगीर, कुठेही खोलगट नसलेला. मला मिळालेला आकार लांबट होता आणि त्याच्या बाजूंवर मोठे सपाट पट्टे होते. ते माझ्याच चुकीमुळे आले असावेत असं वाटून मी कित्येक दिवस आकडे उलटसुलट करत राहिलो.

उत्तर रडारकडे होतं. नोव्हेंबर 1999 मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने क्लिओपात्रावर रेडिओ लहरी सोडल्या होत्या आणि प्रतिध्वनी सुमारे 19 मिनिटांनी परत येत होता. तो किती उशिरा आला यावरून पृष्ठभागाचा कोणता भाग जवळ आणि कोणता लांब हे कळतं. वारंवारता किती सरकली यावरून कोणती कड आपल्याकडे येते आहे आणि कोणती दूर जाते आहे तेही समजतं. त्यातून दोन टोकं जाड आणि मधे बारीक, असा हाडासारखा सुमारे 217 किलोमीटर लांबीचा आकार निघाला.

तो आकार मी संगणकात माझ्या आकारावर ठेवला आणि दोन्ही एकाच वेळी फिरवले. माझे सपाट पट्टे बरोबर त्याच्या बारीक मानेवर आले. खोलगट भागावर झाकण घालावं तसे ते बसले होते.