आमची वाटचाल: चालणारं मशीन कापायचं नाही

जुना व्हिडिओ गेम टेबलावर उघडला की आधी झुरळं निघतात, मग पालीची अंडी, आणि सगळ्यात शेवटी सर्किट. मालवणात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर दुकान असेल तर त्या सर्किटवर गंजाचा हिरवा थर किती चढलाय एवढाच काय तो प्रश्न उरतो.

दुकान १९९४ सालचं. पाटीवर तेव्हा ‘टीव्ही, टेप, रेडिओ दुरुस्ती’ असं रंगवलं होतं आणि आजही तेच आहे. आयटीआय झाल्यावर दोन वर्षं मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात हरकाम्या होतो. सोल्डरिंग तिथे शिकलो. गिऱ्हाइकाशी बोलायला मात्र मालवणात परत येऊन शिकावं लागलं.

त्या काळात गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी यायचे ते पोरांसाठी टीव्ही गेम घेऊन. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं निरनिराळी असली तरी पोटात एकच गोष्ट असायची: निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ ला जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. आठ बिटचा प्रोसेसर, वेग जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झ, मेमरी २ किलोबाइट. स्वस्तातल्या मशीनमध्ये तर सगळं मिळून एकच काळा डांबरासारखा ठिपका. तो गेला की गेला, त्यावर इलाज नाही. पण तो क्वचितच जायचा. जायचा तो ॲडॅप्टर, नाहीतर वीज पाच व्होल्टला बांधून ठेवणारा सात-आठ-शून्य-पाच रेग्युलेटर, नाहीतर जॉयस्टिकची वायर, तीही बरोबर मानेपाशी तुटलेली. कॅसेट लागत नाही म्हणून पोरं फुंकर मारायची. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत ती फुंकर म्हणजे पिनांवर पाणी शिंपडल्यासारखंच. मी खोडरबर घासून द्यायचो आणि दोन रुपये घ्यायचो. ‘गेम लावला की पिक्चर ट्यूब जाते’ अशी एक समजूत घरोघरी होती. ती मी फारशी मोडली नाही, कारण टीव्ही तपासून घ्यायला माणसं यायची ती त्याच धास्तीने.

पुढचं थोडक्यात. पिक्चर ट्यूब गेल्या, सपाट टीव्ही आले, मोबाइल आले, गेम माळ्यावर गेले. आम्ही मिक्सर आणि इन्व्हर्टरवर दिवस काढले.

२०१६ च्या मे महिन्यात डोंबिवलीचे एक गृहस्थ पिशवीत पिवळं पडलेलं खोकं घेऊन आले. घराची कौलं परतताना माळ्यावर सापडलेलं. आतलं सर्किट पार सडलेलं होतं. म्हणाले, “चालू नाय झाला तरी चालात, पण माझ्या झिलाक ह्याच खोक्यात गेम दिसाक व्हयो.” माझा भाचा तेव्हा इंजिनीअरिंगला होता आणि त्याने नुकताच रास्पबेरी पाय ३ आणला होता. पत्त्यांच्या जोडाएवढा, एकाच बोर्डवरचा अख्खा कॉम्प्युटर, ८५ बाय ५६ मिलिमीटर, आणि त्यात जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तो बोर्ड त्या खोक्यात बसवला. जुन्या खोक्यात जागा इतकी होती की आत चकल्यांचा डबा मावला असता. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ बाप-लेक मिळून दुकानातच दीड तास खेळले, गिऱ्हाइकं बाहेर खोळंबली, आणि त्या खोळंबलेल्यांपैकी दोघांनी आठवड्याभरात आपापली खोकी आणली. आमची जाहिरात ती एवढीच.

आता ज्या कामाने आम्हाला शहाणपण आलं ते सांगतो. ते सांगायला मला आवडत नाही, पण टाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

चौथं की पाचवं खोकं होतं. धुरीवाड्यातले एक काका, निवृत्त शिक्षक, लाल-पांढरा गेम घेऊन आले. “लागत नाय, तुम्ही करतास तसा करून देवा.” हाताला काम लागलं होतं, भाच्याला सुट्टी होती, मी उघडलं आणि तपासायच्या आधीच नवा बोर्ड बसत नाही म्हणून आतले स्क्रूचे खांब कटरने उडवले. मागची पट्टी नव्या टीव्हीच्या एचडीएमआय वायरीसाठी कापली. जुनं सर्किट भंगाराच्या बादलीत गेलं. मशीन सुंदर झालं, पैसेही मिळाले. चार दिवसांनी काका पुन्हा आले ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेट घेऊन. “ह्यो खंय घालूचो?”

घालायला जागाच उरली नव्हती. कॅसेटचं तोंड होतं, आत पिना नव्हत्या. मी बादली उपसली, पण भंगारवाला आदल्या दिवशीच येऊन गेला होता. नंतर आठवलं तेव्हा लक्षात आलं की त्या सर्किटवर हिरवा थर जवळजवळ नव्हताच. फक्त रेग्युलेटर गेला असणार. दहा-पंधरा रुपयांचा भाग. काका रागावले नाहीत, “कित्याक कापलंस रे?” एवढंच विचारून डबा घेऊन गेले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून दुकानात नियम आहे: चालणारं किंवा चालू होऊ शकणारं मशीन कापायचं नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तरी नाही. आधी दुरुस्तीचा प्रयत्न, आणि सर्किट खरोखर मेलेलं असेल तरच नवं पोट. तेव्हाही खांब कापायचे नाहीत, असलेल्या खांबांवरच बसेल अशी पट्टी करायची, आणि काढलेलं सर्किट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. या नियमामुळे निम्मी कामं साध्या दुरुस्तीची होऊन गेली. पैसा कमी सुटतो. सौ. हिशेब बघते, तिला हे पटायला वेळ लागला. आता ती स्वतः फोनवर सांगते, “आधी तुमचं तेच चालू होतंय का बघू.”

पट्ट्या आम्ही थ्रीडी प्रिंटरवर काढतो. पहिल्या पीएलए नावाच्या प्लॅस्टिकच्या होत्या. पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं हे आम्ही वाचलं होतं, पण मे महिन्यात मालवणच्या एसटी स्टँडबाहेर उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे ठेवलेलं मशीन उघडेपर्यंत मानलं नव्हतं. बोर्ड बाजूला कलून बसला होता, पट्टी पापडासारखी वाकलेली. आता पीईटीजी वापरतो, ते जास्त उष्णता सोसतं. पावसाळ्यात ही प्लॅस्टिकची तार हवेतला ओलावा पिते आणि छपाईला धागे सुटतात, म्हणून रीळ हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. डबा मूळचा काजूगरांचा आहे आणि त्यावरून घरात अजून बोलणी बसतात.

खारी हवा हा आमचा खरा धंदा. नव्या बोर्डला आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, जोडण्यांची तोंडं टेपने झाकतो आणि मग ॲक्रिलिक लॅकरचा पातळ फवारा देतो. स्क्रू स्टेनलेसचेच. हे न करता दांडी किनाऱ्यावरच्या एका घरात दिलेलं मशीन दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडलं होतं.

जॉयस्टिक मात्र आम्ही कधी बदलत नाही. लोकांना चित्र विसरलेलं चालतं, बोटाखालचं बटण विसरलेलं चालत नाही. त्यातली जुनी ४०२१ नंबरची शिफ्ट रजिस्टर चिप आठ बटणं एका वायरवरून ओळीने सांगते. ते वाचायला एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरता येणारी चिप, लावला की कॉम्प्युटरला तीच जॉयस्टिक यूएसबीची वाटते. नक्कल मशीनच्या नऊ पिनांच्या जॉयस्टिकमध्ये जोडणी कंपनीगणिक बदलते, तेव्हा रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचा.

बंद करण्याचा स्विच सगळ्यात त्रासदायक. जुन्या गेमचा स्विच खटकन वीज तोडायचा आणि त्याचं काही बिघडत नव्हतं. नव्या बोर्डात मेमरी कार्ड असतं, लिहिता लिहिता वीज गेली की फाइल खराब. आणि आमच्याकडे तर पहिल्या वळवाच्या सरीलाच लाइट जाते. म्हणून स्विच आता वीज तोडत नाही, बोर्डला ‘आवर’ म्हणून सांगतो, आणि आवरून झाल्यावर छोटं सर्किट वीज तोडतं. शिवाय कार्ड फक्त वाचण्यापुरतंच उघडं ठेवतो. हे सगळं भाच्याचं डोकं, मी फक्त डाग दिला.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. दुकानाचे पत्रे उडाले, आमच्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. तयार झालेली तीन खोकी पाण्यात गेली. त्यानंतर जगभरच्या चिपांच्या तुटवड्यामुळे रास्पबेरी पाय मूळ किमतीच्या दुपटी-तिपटीने विकला जाऊ लागला. तेव्हा आम्ही लोकांनी टाकून दिलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सकडे वळलो. ॲमलॉजिकची चिप असलेला जुना बॉक्स आठ बिटच्या गेमला पुरून उरतो. खरं सांगायचं तर आजही मी तेच सुचवतो. एवढ्याशा गेमसाठी रास्पबेरी पाय ५ घालणं म्हणजे कोथिंबीर आणायला टेम्पो पाठवणं.

लोक दोन गोष्टी हमखास मागतात. एक, बंदुकीचा खेळ. तो जुन्या बंदुकीने सपाट टीव्हीवर होत नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि निशाण्याच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो बंदुकीतला सेन्सर पाहतो. त्याचा हिशेब पिक्चर ट्यूबच्या उजेडावर बेतलेला, एलसीडीवर तो जुळत नाही. दुसरी मागणी, ‘गेम भरून द्या.’ ते आम्ही करत नाही. गेम जुना झाला म्हणून बेवारशी होत नाही, हक्क कंपन्यांकडे असतात. लहानपणची ‘९९९९९९९ इन वन’ कॅसेट तरी कुठे सरळ होती, आणि त्यात गेम तरी दहाच, उलटसुलट नावांनी, हे मला कबूल आहे. पण तेव्हा मी खोडरबर घासायचो, आता पावती फाडतो. आजही या मशीनसाठी नवे गेम लिहिणारी माणसं आहेत, ते विकत घेऊन भरा असं सांगतो. निम्मे लोक नाक मुरडून जातात.

पिवळेपणाचंही एक. जुनं प्लॅस्टिक उन्हात पिवळं पडतं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून पुन्हा उन्हात ठेवलं की उजळतं. आमच्या गच्चीवर आमसुलांच्या शेजारी हे चालायचं. क्रीम मधेच सुकलं की संगमरवरासारखे पट्टे उठतात, ते जात नाहीत. हल्ली मी म्हणतो, राहू दे पिवळा.

गेल्या वर्षी कणकवलीच्या एका भंगारवाल्याने पोत्यातून सहा-सात सर्किटं आणली. त्यात एक लाल-पांढऱ्या मशीनचं होतं, काकांच्याच जातीचं. रेग्युलेटर बदलला, पिना घासल्या, लागलं. काकांचं खोकं मागवून घेतलं, कापलेल्या खांबांच्या जागी छापलेले खांब चिकटवले, मागची पट्टी नवी केली आणि काकांना फोन केला. डबा घेऊन आले. पहिली कॅसेट लागली, चित्र आलं, वर एक थरथरती रेघ. मी म्हटलं, कपॅसिटर बदलून ती घालवतो, दहा मिनिटं बसा.

“नको रे. पयला जसा हालत होता, तसाच हालता.”

काढलेला रास्पबेरी पाय मी परत घेतला आणि बिल शून्य केलं. काकांनी जाताना डब्यातली एक बिस्किटाची पुडी टेबलावर ठेवली. कॅसेटच्या डब्यात ते बिस्किटंही ठेवतात हे मला तेव्हा कळलं.