अल्बारिन्योच्या मुलुखातले जेवण

महाराष्ट्रात द्राक्षांचा मुलूख नाशिककडे आणि मासळीचा मुलूख कोकणात. मध्ये सह्याद्री उभा असल्याने एका बाजूला द्राक्षवेली आणि दुसऱ्या बाजूला समुद्र पाहत जेवायला बसण्याचा योग आपल्याकडे येत नाही, आणि आम्हा नागपूरकरांना तर दोन्ही गोष्टी शेकडो किलोमीटर दूर. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिसियाच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र हा योग रोजचा आहे. तेथे नद्यांच्या दऱ्यांत समुद्र खोलवर शिरून रुंद खाड्या तयार झाल्या आहेत, त्या पट्ट्याला रिआस बायशास म्हणतात, आणि खाडीच्या काठापासूनच द्राक्षांचे मळे सुरू होतात. भाची विगो शहरात नोकरीला असल्यामुळे मे महिन्यात आमचे तिकडे जाणे झाले. परतल्यापासून धरमपेठेतल्या मैत्रिणी एकच प्रश्न विचारत आहेत की तिकडे मासळीला मसाला कोणता लावतात. ‘जवळजवळ कोणताच नाही’ हे उत्तर ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते, ती पाहूनच हे सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी वाइनविषयी, कारण तिच्याशिवाय तिथल्या ताटाचा हिशेब लागत नाही. नागपुरात वर्षाला साधारण 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत आटोपतो. रिआस बायशासमध्ये सुमारे 1,600 मिलिमीटर पडतो आणि तो वर्षभर विखुरलेला असतो. एवढ्या दमट हवेत द्राक्षावर भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग पडायला वेळ लागत नाही, म्हणून ग्रॅनाइटचे खांब रोवून मांडव घालतात आणि वेली डोक्याच्या वर चढवतात, जेणेकरून घडांना ओल्या जमिनीपासून अंतर मिळते आणि खालून वारा खेळता राहतो. अल्बारिन्यो ही तिथली मुख्य जात बारीक मण्यांची आणि जाड सालीची आहे. तिची पांढरी वाइन बहुधा ताजी असतानाच, थंड करून पितात. 1988 मध्ये रिआस बायशास या नावाला अधिकृत प्रदेशनामाचा दर्जा मिळाला. काम्बादोस गावातला अल्बारिन्योचा ऑगस्टमधला उत्सव मात्र त्याहून जुना, 1953 पासूनचा. या वाइनमध्ये आंबटपणा भरपूर असतो, आणि मासळीवर आपण लिंबू पिळतो ते काम ताटाबाहेरून तीच करते, असे माझे मत झाले.

ताटात काय येते ते आता सांगते. खाड्यांमध्ये निलगिरीच्या लाकडांचे मोठमोठे तराफे नांगरलेले दिसतात आणि त्यांना बारा मीटरपर्यंत लांबीचे दोर टांगलेले असतात. त्या दोरांवर मसल जातीचे काळे शिंपले वाढवतात. खोल समुद्रातले थंड, पोषक पाणी वर येऊन खाडीत शिरते, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, आणि त्या खाऊन शिंपले झपाट्याने भरतात. हॉटेलात ते निव्वळ वाफवून, उघडलेल्या कवचांसह पुढे ठेवले जातात. ओहोटीला वाळू उकरून लहान शिंपले गोळा करण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. त्यांना परवाना लागतो आणि दिवसाला किती काढायचे यावर मर्यादा असते. सर्वांत महाग पदार्थ म्हणजे पेर्सेबेस, खडकांना चिकटून राहणारा आणि दिसायला एखाद्या प्राण्याच्या नखीसारखा जीव. लाटा जिथे सर्वांत जोरात आपटतात तिथेच तो चांगला पोसतो, त्यामुळे तो काढणारी माणसे कमरेला दोर बांधून, दोन लाटांच्या मधल्या वेळात खडकावर उतरतात. आणि एवढ्या जिवावरच्या मालाला स्वयंपाकघरात जो उपचार मिळतो तो काही मिनिटांचा आहे: उकळत्या खाऱ्या पाण्यात टाकायचे, पाण्याला पुन्हा उकळी आली की काढायचे, आणि कपड्यात गुंडाळून गरम गरम वाढायचे.

सावजी रश्शावर वाढलेल्या माणसाला हे प्रथम आळशीपणाचे वाटते. आपल्याकडे खाणावळीची परीक्षा तर्रीवर होते. मटण कुठून आणले हे कोणी विचारत नाही, मसाला कोणी भाजला हे विचारतात. गॅलिसियात परीक्षा खरेदीची होते. पहाटेच्या लिलावात काय उचलले, कोणत्या खाडीतले, किती वाजता आणले, यावर हॉटेलची इभ्रत अवलंबून असते, आणि चुलीवर त्या मालाला धक्का लावायचा नाही हीच आचाऱ्याची शिस्त. म्हणून तिकडे जेवायला जाताना पदार्थांची लांबलचक यादी असलेले हॉटेल मी टाळायला शिकले. फळ्यावर खडूने चारच ओळी लिहिलेल्या असतील तर आत शिरावे. वीस पदार्थ छायाचित्रांसह छापलेले असतील तर पुढे चालू लागावे.

ताज्या मालाच्या या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि विदर्भातल्या माणसाला तो विशेष जवळचा वाटेल. गॅलिसियातले सर्वांत प्रसिद्ध ऑक्टोपस शिजवणारे लोक किनाऱ्यावरचे नव्हेत, ते ओ कार्बायिन्यो या समुद्र नसलेल्या गावचे. पूर्वी वाळवलेला ऑक्टोपस खेचरांच्या तांड्यांबरोबर आतल्या प्रदेशातील जत्रांना पोहोचत असे, आणि जत्रेत तांब्याच्या हंड्यात तो शिजवण्याची कला या लोकांनी कमावली. आपल्या आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील येतात, त्याच तऱ्हेचा हा व्यवहार. ऑक्टोपस उकळत्या पाण्यात तीनदा बुडवून बाहेर काढतात, म्हणजे त्याची साल फाटत नाही, मग मऊ होईपर्यंत शिजवतात, कात्रीने तुकडे करून लाकडी थाळीवर मांडतात आणि वर जाडे मीठ, लाल मिरचीपूड व ऑलिव्ह तेल घालतात. सगळ्या प्रवासात तिखटाचा लाल रंग पाहून मन शांत झाले ते याच थाळीने.

हॉटेलांपेक्षाही मला जास्त आवडले ते फुरांचो. घरच्या वेलीची वाइन कुटुंबाच्या गरजेपेक्षा जास्त झाली की शेतकरी आपल्याच तळघरात किंवा अंगणात ती विकतो आणि सोबत मोजके घरगुती पदार्थ वाढतो; दारावर तमालपत्राच्या जातीतल्या झाडाची डहाळी टांगलेली असते, तीच पाटी. सरकारी नियमाने फुरांचो वर्षात जास्तीत जास्त तीन महिने उघडा ठेवता येतो. तेथे पेल्याऐवजी पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातूनही वाइन देतात, बाकावर शेजारी अनोळखी माणसे बसतात, आणि अंड्या-बटाट्याचा जाड तोर्तिया खाऊन पोट भरते. नामांकित हॉटेलातली बाटली त्या वाडग्यापुढे मला तरी उगाच नटलेली वाटली.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. दुपारचे जेवण साधारण दोन ते चार या वेळात मिळते आणि रात्रीची चूल नऊच्या सुमारास पेटते. मधल्या वेळी कॉफी आणि पाव यांवर भागवावे लागते. कामाच्या दिवशी दुपारी दिवसाचे ठराविक जेवण मिळते, ज्यात दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी येते. ही पद्धत 1960 च्या दशकात सरकारी आदेशाने सुरू झाली आणि आजही ती सर्वांत किफायतशीर आहे. मासळीच्या किमतीपुढे ‘बाजारभावाप्रमाणे’ अशा अर्थाची अक्षरे असतील तर किलोचा दर आणि आपल्या थाळीचे वजन दोन्ही आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, तिथली माणसेही विचारतात.

माझे पती शाकाहारी असल्यामुळे हा भाग जरा लांबवते. पालेभाजी, बटाटा आणि पांढरा घेवडा घातलेले तिथले प्रसिद्ध सूप दिसायला निरुपद्रवी असते, पण त्यात डुकराची चरबी असते, तेव्हा ते वगळावे. एम्पानादा या भरलेल्या पोळीत बहुधा ट्यूना मासा निघतो. निश्चिंतपणे मागवावी ती पाद्रोनची हिरवी मिरची, जी तेलात परतून वर जाडे मीठ टाकून देतात. तिच्यातल्या बहुतेक सौम्य असतात आणि एखादीच तिखट लागते, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. भिवापुरी मिरचीच्या माणसाला ती तिखटसुद्धा कोवळीच वाटते. तेतिया नावाचे मऊ चीज आणि पाव यांवर यांचे दिवस गेले. बदामाचा सान्तियागो केकही बिनधास्त खावासा वाटतो, मात्र त्यात अंडी असतात, तेव्हा अंडे न खाणाऱ्यांनी फळांवर समाधान मानावे.