अर्ध्या मापाचा १३बी: तिसऱ्या महिन्यात रोटर फिरला एकदाचा

रविवारी दुपारी माझ्या इंजिनाच्या मॉडेलमधल्या रोटरने न अडकता पूर्ण फेरी मारली. मोटर नाही, हाताने दांडा फिरवायचा. तीन महिन्यांची कमाई एवढीच, पण त्या दिवशी जेवण थंड झालं तरी मी टेबलावरून उठलो नाही.

बनवतोय ते माझदाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स गाडीच्या शेवटच्या पिढीचं, म्हणजे एफडीचं, १३बी नावाचं रोटरी इंजिन. यात पिस्टन नसतो; रोटर हा तिकोनी तुकडा हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आत फिरतो. निम्मं माप, रोटर आणि हाउसिंग थ्रीडी प्रिंट केलेलं, पुढची बाजू पारदर्शक ॲक्रिलिकची. आई रोटरला समोसा म्हणते. आकार बघता वाद घालण्यात अर्थ नाही.

या इंजिनाच्या प्रेमात मी आकड्यांमुळे पडलो. केंद्रापासून रोटरच्या टोकापर्यंत १०५ मिमी आणि रोटर ज्यावर बसतो तो शाफ्टवरचा गोळा मध्यापासून सरकलेला १५ मिमी. माझदाच्याच १९६७च्या कॉस्मो स्पोर्ट गाडीमध्ये हेच दोन आकडे होते आणि २००२च्या शेवटच्या आरएक्स-७मध्येही हेच. वाढत गेली ती रोटरची जाडी: कॉस्मोच्या १०ए इंजिनमध्ये ६० मिमी, १९७८च्या पहिल्या आरएक्स-७च्या १२एमध्ये ७०, १३बीमध्ये ८०. तीन गुणिले वर्गमूळ तीन, गुणिले १५, गुणिले १०५, गुणिले ८० करून बघा. एका रोटरचे ६५४ सीसी येतात, म्हणजे दोन रोटरचे १३०८. माझ्याकडे सगळं निम्मं: ५२.५, ७.५ आणि ४०. रोटरच्या आतल्या गिअरचे दात मुळात ५१ आणि मधल्या स्थिर गिअरचे ३४ आहेत. माझ्या प्रिंटरला एवढे बारीक दात झेपेनात, म्हणून ३० आणि २० घेतले. गुणोत्तर तेच, ३:२. शाफ्टचे तीन फेरे झाले की रोटरचा एक होतो, हे डोळ्यांनी बघायला फार मजा येते.

आता माझा गाढवपणा. हाउसिंगची आतली रेषा मी रोटरच्या टोकाच्या वाटेच्या सूत्रातून जशी आली तशीच काढली आणि ॲपेक्स सीलचं, म्हणजे रोटरच्या कोपऱ्यावर बसून भिंतीला घासत जाणाऱ्या पट्टीचं, टोक मात्र १ मिमी त्रिज्येचं गोल ठेवलं. सूत्र सांगतं ती त्या गोलाच्या मध्यबिंदूची वाट. सीलचा पृष्ठभाग त्याच्या १ मिमी बाहेर. साहजिकच रोटर जागच्या जागी रुतला. मी आठवडाभर गिअरला शिव्या घालत कानस चालवत होतो. शेवटी सगळी रेषा १ मिमी बाहेर सरकवली, हाउसिंग पुन्हा छापलं, बारीक पॉलिश पेपर मारला आणि सीलमागे पातळ पोलादी पट्टीची स्प्रिंग बसवली.

फिरायला लागल्यावर नवीन दुखणं निघालं. दांडा जोरात फिरवला की सील थडथडतं आणि भिंतीवर आडव्या बारीक रेघा उमटतात. प्लास्टिकवर त्या बघून अंगावर काटा आला, कारण हिरोशिमात, माझदाच्या कंपनीत, साठच्या दशकात नेमकं हेच झालं होतं. तिथल्या रोटरी विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो आणि त्यांचे ४७ इंजिनिअर या ओरखड्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. सील स्वतःच्याच कंपनाने नाचतं हे त्यांनी शोधलं, आणि कॉस्मोत ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील घातलं. माझ्याकडे तूर्त सिलिकॉन ग्रीस आहे.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, मी बनवणार नाही. एफडीत एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो आहेत, त्यांच्या नळ्या आणि व्हॅल्व्ह बघूनच हात जोडले. १९९१मध्ये २५५ अश्वशक्तीवर सुरू झालेली गाडी १९९९ला २८० वर पोचली आणि वजन साधारण साडेबाराशे किलो, एवढं लिहून तो विषय माझ्यापुरता संपला.

ॲक्रिलिकमधून बघताना या गाडीचा शेवट का झाला तेही दिसतं, हे मात्र ठरवून केलेलं नव्हतं. ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सतत पुढे सरकणारी. कोपऱ्यांतलं पेट्रोल पूर्ण जळायच्या आत धुराड्याची वाट उघडते. त्यात सीलला वंगण म्हणून थोडं ऑइल मुद्दाम जाळायचं. अमेरिकेत विक्री १९९५लाच थांबली होती; जपानमध्ये धुराचे नियम आणखी कडक झाले आणि ऑगस्ट २००२मध्ये उत्पादन बंद पडलं. निरोपाच्या स्पिरिट आरच्या १५०० गाड्या निघाल्या. स्कायलाइन जीटी-आर आणि सुप्रा या दुसऱ्या जपानी स्पोर्ट्स गाड्याही त्याच वर्षी गेल्या, पण त्यांच्या जाण्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. हा पक्षपात आहे, मान्य.

पुढचं काम एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक. माझदाच्या नंतरच्या आरएक्स-८ गाडीमध्ये तो बाजूच्या प्लेटवर नेला, त्यामुळे धूर सुधारला. माझ्या सीललाही तेच सोपं, कारण हाउसिंगच्या गोलाईत भोक पाडलं की टोक त्याच्या कडेवर अडखळणार. पण मॉडेल एफडीचं आहे. भोक गोलाईतच पडेल. कडा किती घासायच्या ते दोन तुकडे वाया घालवून ठरवतो.