तुम्ही विचारलंत म्हणून: माझी लेबलं पंचनाम्यासारखी का दिसतात

घरी आलेला प्रत्येक जण बाटली हातात घेतो, फिरवून बघतो आणि विचारतो. शब्द थोडे इकडेतिकडे, प्रश्न तोच. "तू एवढी डिझायनर, दिवसभर लोकांची खोकी नि डबे सजवतेस, आणि स्वतः घरी केलेल्या बिअरवर हे काय? पंचनामा?" पांढरा कागद, काळी अक्षरं, चार ओळी. नाव नाही, चित्र नाही. काही जण तिथे न थांबता सुचवायला लागतात: पैठणीचा मोर टाक, नथ टाक. एकाने तर स्वतःच करून पाठवलं, फेटा बांधलेलं हॉपचं बोंड, बिअरला कडवटपणा देतं ते.

आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहिते. यापुढे कोणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी तांत्रिक उत्तर, कारण तेही खोटं नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करायला मुभा मिळाली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. पण विकायची नाही, एक बाटलीसुद्धा. म्हणजे दुकानाच्या फळीवर उभं राहून गिऱ्हाइकाला डोळा मारायचं काम माझ्या लेबलाला नाहीच. स्पर्धेला पाठवायची तर आणखी गंमत. लेबल खरवडून काढायचं, बुचावर काही छापलेलं असेल तर काळ्या मार्करने बुजवायचं आणि रबरबँडने एक चिठ्ठी बांधायची. बाटली कोणाची हे परीक्षकाला कळता कामा नये. जिथे बिअरची खरी परीक्षा होते, तिथे लेबलाला दारातच अडवतात.

शिवाय छपाई टिकायला हवी. इंकजेटची शाई बाटलीला घाम फुटला की ओघळते. म्हणून मी लेझर प्रिंटरवर साध्या कागदावर छापते, एका पानावर सहा, आणि दुधाने चिकटवते. हो, दुधाने. साय काढलेलं दूध, ब्रशचा एक पातळ हात, कागद बाटलीवर दाबायचा आणि बाहेर आलेलं ओल्या फडक्याने टिपायचं. वाळलं की पक्कं बसतं, वास येत नाही आणि बाटली परत आली की कोमट पाण्यात कागद आपसूक सुटतो. विकतच्या बाटल्यांचा डिंक धुण्याच्या सोड्यात रात्रभर ठेवूनही ज्याने नखांनी खरवडलाय, त्यालाच या दुधाची किंमत कळेल. (बाटल्या परत करत जा. हे सगळ्यांनाच आहे.)

एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि दोन मिनिटांनी म्हणतात, "पण पूर्वी काय सुरेख करायचीस!"

करायचे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं तुम्हाला आठवतच असेल. कोल्हापुरी गूळ घालून केलेला पोर्टर, म्हणजे काळपट बिअर, नाव 'पहिल्या धारेची'. गावाकडच्या रंगवलेल्या पाट्यांवर असतं तसं जाडजूड, लाल सावली टाकलेलं अक्षर. खाली जाळ, जाळावर पिंप, पिंपातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला लोंबकळणारा एक थेंब. त्या थेंबावर पांढरा ठिपका ठेवून मी त्याला चमक आणली होती. आजही म्हणते, माझ्या हातून उतरलेलं ते सर्वांत चांगलं चित्र. पोर्टलंडमधल्या निम्म्या मराठी घरांत ती रिकामी बाटली मनीप्लांट लावून ठेवलेली आहे.

मग बाबा आले. बाबा राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झाले. लोक अजून दारूबंदी खातं म्हणतात ते. दुय्यम निरीक्षक म्हणून लागले, निरीक्षक म्हणून बाहेर पडले आणि आयुष्यात एक थेंब घेतला नाही. तळघरातली माझी भांडी बघून त्यांचा पहिला प्रश्न: "परवाना?" मी कायदा छापून दिला. त्यांनी तो पेन्सिल घेऊन वाचला. इथे ओरेगनमध्येही २०१० मध्ये राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा कायद्याचा एक अर्थ निघाला म्हणून रद्द करावी लागली आणि २०११ मध्ये कायदाच दुरुस्त झाला, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला. "म्हणजे इथेही तसंच," म्हणाले. विक्री नाही हे दोनदा विचारून घेतलं आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

त्या शनिवारी नेहमीची मंडळी जेवायला होती. एका मित्राने, वाईट हेतूने नव्हे, बाबांच्या हातात ती बाटली दिली. "काका, तुम्ही यातले जाणकार. बघा, पहिल्या धारेची!"

बाबांनी चष्मा लावला. लेबल वाचलं. बाटली फिरवून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं. पुन्हा पुढची बाजू. सगळे त्यांच्या हसण्याची वाट बघत होते.

"चित्र चांगलंय," ते म्हणाले. "नळी चुकलीये."

हशा पिकला. बाबा हसले नाहीत, पण चिडलेलेही नव्हते. ज्या स्वरात मला लहानपणी गणित समजावायचे त्याच स्वरात सांगू लागले. "नळी बुडाला नसते. बुडाला काढलीस तर रसायन, म्हणजे आंबवलेलं मिश्रण, गळेल, दारू नाही. वाफ वर जाते. वर पातेलं, पातेल्यात गार पाणी. आत चाटू. थेंब चाटूत पडतात, चाटूतून नळी बाहेर." पुन्हा हशा. कोणीतरी म्हणालं, काका, रेसिपी लिहून द्या.

आणि त्याच स्वरात, मध्ये श्वासही न घेता, ते पुढे बोलत राहिले. एका वाडीवर सकाळी पोचलो. ऊन चांगलं वर आलं होतं. एक जण ओट्यावर बसून बायकोला विचारत होता, लाईट गेली का गं? परत परत तेच. लाईट गेली का. आत दोघं पडलेले, ते आधीच गेले होते. कुठून आणली विचारलं तर बाईने बाटली आणून दाखवली. देशीची बाटली. हातभट्टीची नव्हे. सील होतं, बूच होतं. "लेबल झकास होतं त्यावर. दोन रंगांत." बाबांनी बाटली टेबलावर ठेवली, लेबल माझ्याकडे करून.

कोणीच काही बोललं नाही. मग माझा नवरा म्हणाला, पानं घेऊ या. जेवणं झाली. मंडळी लवकर गेली.

रात्री स्वयंपाकघरात मी भांडले. बाबा, ती थट्टा होती. बिअरमध्ये तसलं विष होत नसतं. आंबलेल्या धान्यात मिथेनॉल जवळजवळ नसतंच, माणसं मरतात ती कारखान्यातलं मिथेनॉल कोणी मिसळतं म्हणून. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती गुळाने नाही गेली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्या आधीपासून माहीत आहे."

"मग सगळ्यांसमोर कशाला?"

"मी नळी चुकलीये एवढंच म्हणालो. पुढचं निघालं ओघात."

मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तो पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. पाहुण्यांचं जेवण म्हणजे साक्षीचा पिंजरा नव्हे. पण एक गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला बोलले नाही. शाळेत मुलं विचारायची, तुझ्या बाबांना फुकट मिळत असेल ना? हप्ता किती? त्याला मी घरी कधी उत्तर मागितलं नाही, आणि शाळेत शिकले ती युक्ती एकच: त्यांनी हसायच्या आत आपण हसवायचं. 'पहिल्या धारेची' त्या युक्तीतूनच आली असावी. बाबांना हे कळलं का, मी विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तळघरात गेले तर आंबायला ठेवलेल्या काचेच्या बरणीवर चिकटपट्टीचा तुकडा होता. बाबांचं अक्षर. दिनांक, वेळ, तापमान, वाचन, खाली आडवी रेघ आणि सही. माझा हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती काचेची नळी, त्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता. डोळा पाण्याच्या पातळीला, वाचन वक्र कडेच्या तळाचं, आणि नळीवर ६० अंश फॅरनहाइट लिहिलंय तर पेय गरम असताना दुरुस्ती करायची. त्यांच्या खात्यात हेच चालायचं, फक्त भाषा प्रूफची, अल्कोहोल मोजायच्या जुन्या मापाची: २५ अंडर प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल. धाडीत सापडलेल्या रसायनाचा नमुना १८० मिलीच्या बाटलीत भरायचा, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, दोरा, लाख, सील. बाटल्यांना लेबलं लावण्यात या माणसाची हयात गेली, आणि मी त्यांना टाइपोग्राफी समजावत होते.

आता माझ्या लेबलावर चारच ओळी असतात. कधी उकळली. आत काय आहे. सुरुवातीची घनता १.०५२, शेवटची १.०१२, फरकाला १३१.२५ ने गुणून ५.२५ टक्के अल्कोहोल. विक्रीसाठी नाही, आणि माझी आद्याक्षरं.

यावर तुम्ही लगेच म्हणता, "अय्या, म्हणजे बाबांसाठी!" नाही. बाबांनी चित्र काढू नकोस असं कधी म्हटलं नाही. उलट चांगलंय म्हणाले. पहिल्या साध्या लेबलाचा फोटो पाठवला तर सांगलीहून उत्तर आलं: तापमान लिहिलेलं नाही.

माझ्यातली जिने तो थेंब रंगवला, ती मला अधूनमधून टोचते. म्हणते, तू घाबरलीस. एका माणसाने एक आठवण सांगितली आणि तू हातातला रंग खाली ठेवलास, आणि वर त्याला साधेपणा म्हणतेस. मी सांगते, पिणाऱ्याला आत काय आहे ते कळायला हवं. ती म्हणते, त्या वाडीवरच्या बाटलीवरही बॅच नंबर होताच की, तारीख होती, टक्के होते. चार ओळी खोट्या छापायला चित्रापेक्षा कमीच कष्ट पडतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणते की माझ्या चार ओळी मी स्वतः मोजलेल्या असतात. ती म्हणते, मग थेंबसुद्धा मीच काढला होता.

हे लिहायला निमित्त असं की मित्रमंडळींपैकी एकाची पन्नाशी आहे आणि त्याला भेट म्हणून 'पहिल्या धारेची' हवी आहे, त्याच लेबलासकट. जुनी फाईल उघडली. नळी दुरुस्त केली: वर पातेलं, आत चाटू, चाटूतून नळी. चित्र आधीपेक्षा बरं दिसतंय, हे कबूल करायला जिवावर येतं. मागच्या बाजूला चार ओळी टाकल्या तर कसं, असं नवऱ्याने सुचवलं. त्याला दोन्हींकडून टाळ्या हव्या असतात. गूळ आणून ठेवलाय. छापायचं काय ते बाटल्या भरेपर्यंत बघू.