साखर म्हटलं की भाकर

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या जरा खाली, माझा एक घट्टा होता. कचेरीत तीस वर्षं खतावण्या लिहून कमावलेला. कंटाळा आला की अंगठ्यानं तो चोळत बसायची मला सवय. परवा दुपारी अंगठा नेहमीप्रमाणे तिथं गेला आणि रिकामाच परत आला. घट्टा नव्हता. कधी गेला कोण जाणे. दहा-बारा वर्षं सगळं काम कीबोर्डवर, म्हणजे जाऊनही बरीच वर्षं झाली असणार. अंगठा मात्र अजून जातोच.

हे लक्षात आलं ते पुतणीमुळे. मुक्ता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि परीक्षा जवळ आली की तिला समोर पुस्तक धरून बसणारा माणूस लागतो. ती डोळे मिटून घडाघडा म्हणते, मी इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत चुका काढतो. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण चूक काढायला कळावं लागतं असं थोडंच आहे? मे महिन्यातली सोलापूरची दुपार, पारा 43 च्या पुढे, पंखा गरम हवा ढवळतोय आणि पोरगी म्हणतेय की पेशीवर ताण आला तर ती आधी जुळवून घेते. पेशी मोठ्या होतात, संख्येनं वाढतात, आक्रसतात, नाहीतर आपली जातच बदलतात. घासलेल्या जागी कातडीच्या पेशी भराभर वाढून वर कडक थर रचतात, तो घट्टा. घासणं थांबलं की थर ओसरतो. मी बोट पुढं करून म्हटलं, "हा गेला." ती डोळे न उघडता म्हणाली, "बरोबर आहे काका, पुढचं विचारा."

आक्रसण्याचं मला पुस्तक नको. सातवीत हात मोडला होता. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तर आतून दुसऱ्याच कुणाचातरी हात निघाला, बारीक, फिकट, शेवग्याच्या शेंगेसारखा. मी घाबरून रडलो. आई म्हणाली, "वापरलं नाही की असंच होतंय." बस, तेवढंच होतं त्या पानावर.

जात बदलणं मात्र मला नवीन. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनळीतल्या पेशी म्हणे धुराला वैतागून चपट्या आणि टणक होतात. मूळच्या पेशींना बारीक झुपके असतात, ते कफ झाडून वर ढकलतात. नव्या पेशी धुरात तगतात, पण त्यांना झाडू मारता येत नाही. विडीच्या गावात हे काय सांगायचं! आमच्या जुन्या गल्लीत पहाटे नळाला पाणी यायच्या आधी खोकल्यांवरून घरं ओळखू यायची.

आणि उन्हाचं. मुक्तानं एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी दोनदा ऐकली. इटलीत रितोसा नावाचे संशोधक फळमाश्यांवर काम करत होते. कुणीतरी चुकून माश्यांच्या पेटीचं तापमान वाढवलं, आणि त्यांना त्या माश्यांच्या गुणसूत्रांवर एरवी नसणारे फुगवटे दिसले. 1962 साली त्यांनी ते छापलं. पुढं कळलं, की उष्णता वाढली की पेशी एक खास जातीची प्रथिनं बनवायला घेते, आणि ती प्रथिनं उन्हानं विस्कटलेल्या बाकीच्या प्रथिनांना पुन्हा नीट घडी घालून देतात. मी म्हटलं, मग सोलापूरकराच्या अंगात ही पोत्यानं भरलेली असणार. ती म्हणाली, "काका, असलं मी पेपरात लिहू का?"

एवढ्यात पलीकडच्या खाटेवरून अण्णांनी विचारलं, "काय पाठ करायलीय पोरगी?"

मी ओरडलो, "पेशी! पेशी!"

"मेथी? असल्या उन्हात मेथी कुठली बे?"

अण्णांनी आयुष्य चादरीच्या कारखान्यात काढलं. धोट्याचे जुने माग, ओळीनं चोवीस, पत्र्याचं छप्पर, बारा तासांची पाळी. लहानपणी मी डबा घेऊन जायचो. दारातून आत पाऊल टाकलं की आवाज कानावर पडायचा नाही, छातीवर पडायचा. आत कुणी बोलायचंच नाही. सगळा कारभार ओठांवर आणि बोटांवर. ताण्याचा धागा तुटला तर अंगठा-तर्जनी चोळायची, चहा आला तर मूठ तोंडाकडं न्यायची, मालक आला तर नुसती भुवई. वीस फुटांवरून ही माणसं एकमेकांचे ओठ वाचून सिनेमाची स्टोरी सांगायची आणि हसायची. ते हसणंही आवाजाविना. मला ती जादू वाटायची, आणि शाळेत वर्गात बोलायला ती फार उपयोगी पडेल म्हणून मी अण्णांकडं शिकायचा हट्टही धरला होता.

संध्याकाळी घरी आले की अण्णा रेडिओ मोठा लावायचे. आई तो बारीक करायची. सकाळी उठून तेच म्हणायचे, "एवढ्या मोठ्यानं कुणी लावलाय?" हा आमच्याकडं कित्येक वर्षं रोजचा विनोद होता. मग कधीतरी सकाळीही रेडिओ मोठाच राहिला. कधी, ते घट्ट्यासारखंच, कुणाच्या लक्षात नाही.

मुक्ताला हे सांगितलं तर तिचे डोळे उघडले. म्हणाली, हेच तर पुस्तकात आहे. एका मर्यादेपर्यंतची दुखापत परत फिरते. पेशी सुजते, दमते, ताण गेला की सावरते. मर्यादा ओलांडली की नाही. हृदयाच्या स्नायूचं रक्त पूर्ण थांबलं तर ती वेळ साधारण 20 ते 30 मिनिटं, मेंदूची त्याहून फारच कमी. कानाचं घड्याळ वेगळं. आत शंखासारखी नळी, तिच्यात केसाळ पेशी, एका कानात जेमतेम 15 हजार. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर आहेत, आणि इथं 15 हजारांवर सगळा संसार. मोठ्या आवाजानं त्यांचे केस वाकतात, रात्रभराच्या शांततेत बरेचसे सरळ होतात. रोजच वाकवले की एक दिवस पेशीच मरते. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी जातात, म्हणून स, श, फ अशी अक्षरं पहिली हरवतात आणि स्वर उरतात. म्हणजे आम्ही वीस वर्षं ज्याला हसत होतो, "साखर संपली" म्हटलं की अण्णा भाकरीची दुरडी पुढं सरकवायचे, ते सगळं शास्त्राला धरून होतं.

"परत येत नाहीत?"

"माणसात नाही. कोंबडीच्या पिल्लांत येतात, 1988 मध्ये सापडलंय."

कोंबडी. मी काहीच बोललो नाही.

पेशी मरण्याच्याही तऱ्हा आहेत म्हणे. एक, फुगून फुटायचं आणि आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर, मग सूज, लाली, बोंबाबोंब. दुसरी, बिऱ्हाड आवरून, गाठोडी बांधून, गुपचूप निघून जायचं. या दुसरीला 1972 साली नाव ठेवताना ग्रीकमधला पानगळीचा शब्द घेतला. आपली बोटं सुटी झाली तीसुद्धा याच पानगळीनं. आईच्या पोटात मधल्या पेशी गळाल्या म्हणून. आवाजानं मरणाऱ्या कानातल्या पेशी दोन्ही तऱ्हांनी मरतात. अण्णांच्या किती कशा गेल्या ते कोण मोजणार.

निवृत्तीनंतर अण्णांच्या अंगठ्यावरचा गाठी मारून पडलेला घट्टा वर्षभरात गेला. तो गेल्याचं त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला आत्ता आठवतंय. चिमटीत शेंगदाणा धरून साल काढताना म्हणाले होते, "हात बामणाचा झाला."

चारच्या सुमाराला माझा घसा बसला. मुक्ता आता मनातल्या मनात पाठ करत होती, नुसते ओठ हलवत. पंख्याखेरीज आवाज नाही. मला डुलकी लागत होती.

"ए पोरी," अण्णा म्हणाले, "तीच ओळ तिसऱ्यांदा म्हणायलीस. पुढं जा की."

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकाकडं. अण्णांनी मूठ तोंडाकडं नेली, आणि मी चहा टाकायला उठलो.