रत्नागिरी मिटवली की कलकत्ता लागतं

आमच्या माजघराच्या खिडकीशी एक लाकडी चौकट उभी असते. नव्या माणसाला ती कागद फाटलेल्या पतंगाचा सांगाडा वाटते, पण आहे ती रेडिओची एरियल. तिच्यावर तांब्याच्या तारेचे तेरा वेढे आहेत, खाली जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन लावायला फिरवायच्या पाकळ्यांचा जुडगा, बसवलाय. तिला वीज लागत नाही आणि तिच्यातून एकही वायर रेडिओकडे जात नाही. "मग चालतं कशावर हे?" असं कुणी विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "हिच्या हट्टावर."

मीडियम वेव्हवर, म्हणजे एफएमच्या आधीच्या पट्टीवर, लांबची स्टेशनं शोधायचा नाद मला पोस्टात होते तेव्हापासूनचा. गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यात मी शाखा डाकपाल होते. टपालाची थैली रवाना झाली की हाती वेळच वेळ. रेडिओ मात्र त्याच्याही आधीपासूनचा. अण्णांनी व्हॉल्व्हचा मर्फी घेतला तेव्हा त्याच्यासोबत जाळीची एरियल आली होती. बारीक तांब्याच्या तारांची विणलेली ती पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधायची, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर. अर्थची तार खिडकीतून बाहेर काढून मागीलदारी केळीच्या आळ्यात गाडलेली. मोरीचं पाणी तिथेच जायचं, त्यामुळे भर मे महिन्यातही ते आळं ओलं असे. आमचा कातळ कोरडा, इतरत्र कुठे अर्थ लागायचाच नाही.

तेवढ्यावर मुंबई, पणजी, धारवाड सगळं यायचं. आता तीच जाळी बांधली तर नुसती घरघर ऐकू येईल. जाळीत काही खोट नाही. तेव्हा घरात विजेवर चालणाऱ्या गोष्टी म्हणजे चार बल्ब. आता एलईडी दिवे आहेत, मोबाइलचे चार्जर आहेत, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, शेजारच्या सीसीटीव्हीचा अडॅप्टर. या प्रत्येकाच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते आणि त्याचा कचरा मीडियम वेव्हच्या पट्टीवर येऊन पडतो. दहा वॉटचा एक स्वस्त दिवा शंभर किलोवॉटचं पुणे बुडवतो. पुणं दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर असतं, दिवा डोक्यावर.

म्हणून लांब तार हा आता पहिला उपाय राहिलेला नाही. आगरातल्या दोन माडांच्या मध्ये मी तारही बांधून पाहिली आहे. तिचं दुसरं टोक ट्रान्झिस्टरभोवती चार वेढे मारून ठेवलं की सगळं वाढतं. स्टेशन वाढतं, घरघर वाढते, आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरची रत्नागिरी तर इतकी वाढते की डायलवर जाऊ तिथे तीच. शिवाय मेच्या अखेरीस वळिवाचे ढग दिसले की माडावर चढणारा माणूस शोधा आणि तार उतरवा. वीज पडेल तेव्हा ती तार घरात यायला नको.

चौकटीचं काम वेगळं आहे. ती काय ऐकवते यापेक्षा काय ऐकू देत नाही, त्यासाठी मी ती ठेवली आहे.

करायला सोपी. सागाच्या ८५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या मधोमध खाच पाडून एकमेकींत बसवायच्या. चारही टोकांना आडव्या फळकुट्या ठोकायच्या आणि त्यांवर करवतीने ५ मिलिमीटरवर एक अशा तेरा खाचा पाडायच्या. तार खाचांतून गुंडाळत गेलं की ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन तयार होतो. तार मोटर वाइंडिंगची, २२ गेजची. चिपळूणला वाइंडिंगवाल्याकडे ती वजनावर मिळते, सव्वाशे ग्रॅम घेतली तरी थोडी उरते. टोकांचं एनॅमल पॉलिश पेपरने घासून काढायचं आणि दोन्ही टोकं गँगच्या एका भागाला डाग द्यायची. संपला कारखाना.

गँगच्या दोन भागांपैकी एकच वापरायचा हे मुद्दाम सांगते, कारण दोन्ही भाग जोडले की जास्त चांगलं, असं सगळ्यांना वाटतं. चौकट कुठल्या आकड्यावर लागेल ते वेढ्यांचं इंडक्टन्स आणि गँगची कपॅसिटी मिळून ठरवतात. तेरा वेढ्यांचं इंडक्टन्स साधारण २३५ मायक्रोहेन्री भरतं. त्याला ३६५ पिकोफॅरडचा एक भाग जोडला, वेढ्यांची स्वतःची थोडी कपॅसिटी धरली, की पट्टीचं खालचं टोक, ५३१ किलोहर्ट्झ, गाठता येतं, आणि पाकळ्या पूर्ण उघडल्या की वरचं १६०२ही. वरच्या टोकाला सगळी मिळून चाळीसेक पिकोफॅरडच कपॅसिटी लागते. दोन भाग एकत्र केले तर पाकळ्या पूर्ण उघडूनही तितकं खाली उतरता येत नाही, आणि पट्टीचा वरचा तुकडा हातचा जातो. गँग फिरवायच्या खुंटीला प्लॅस्टिकची लांब दांडी लावा. हात जवळ नेला की ट्यूनिंग सरकतं.

वायर नसताना रेडिओला आवाज जातो कसा? ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची काळी कांडी असते, तीच त्याची मीडियम वेव्हची एरियल. सेट चौकटीजवळ असा ठेवायचा की कांडी चौकटीला काटकोनात येईल. मग हव्या त्या स्टेशनवर गँग हळूहळू फिरवायचा. एका जागी आवाज एकदम उसळी मारतो. ती जागा अगदी अरुंद असते, घाई केली तर निसटते. मी दोन्ही वस्तू जुन्या टीव्हीखालच्या फिरत्या पाटावर ठेवल्या आहेत, म्हणजे चौकट आणि सेट बरोबरीने वळतात.

आता मुख्य गोष्ट वळवण्याची. चौकटीची कड स्टेशनकडे असली की स्टेशन बोलतं, चेहरा स्टेशनकडे केला की गप्प होतं. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. स्टेशनच्या लहरींचं चुंबकीय क्षेत्र आडवं असतं. कड समोर असली तर ते वेढ्यांतून आरपार जातं, चेहरा समोर असला तर नुसतं घासून जातं. बोलण्याची जागा ऐसपैस आहे, वीस अंश इकडेतिकडे झालं तरी कानाला कळत नाही. गप्प होण्याची जागा मात्र काही अंशांचीच, आणि सगळी मजा त्या काही अंशांत आहे.

आमच्याकडचं उदाहरण घ्या. रत्नागिरी ११४३ किलोहर्ट्झ. तिच्या शेजारी ११३४, कोलकात्याजवळच्या चिन्सुऱ्याचा हजार किलोवॉटचा प्रक्षेपक. मध्ये अंतर फक्त ९ किलोहर्ट्झ. (१९७८ पासून आपल्या भागातली सगळी स्टेशनं नवाच्या पटीत बसवलेली आहेत. एक ९९९ सोडला तर कुठलाही आकडा घ्या, अंकांची बेरीज ९ किंवा १८ भरते. आयुष्यभर मनीऑर्डरींची बेरीज केलेल्या बाईला याचं भारी सुख.) साध्या सेटला इतक्या जवळची दोन स्टेशनं वेगळी करता येत नाहीत. रत्नागिरी आम्हाला जवळजवळ दक्षिणेला, तेव्हा चौकटीचा चेहरा दक्षिणेकडे केला की रत्नागिरी कुजबुजीवर येते. आणि त्याच वेळी कड आपोआप पूर्वेकडे गेलेली असते. रात्री नऊच्या सुमाराला तिथून स्वच्छ बांगला ऐकू आली तेव्हा हे जेवणाच्या ताटावरून उठून आले होते. "कुठलं गं हे?" म्हणाले. मी म्हटलं, "अहो, कलकत्ता." उत्तर आलं, "आणि रत्नागिरी कुठे गेली?"

कोकणपट्टीला या बाबतीत देवाची कृपा आहे. मुंबई उत्तरेला, रत्नागिरी आणि पणजी दक्षिणेला, म्हणजे आमची सगळी दणकट स्टेशनं एकाच रेषेवर ओवलेली. चौकट एकदा वळवली की तिन्ही एकदम मवाळ होतात आणि पूर्व-पश्चिम मोकळी होते. पूर्वेला हैदराबाद, पश्चिमेला समुद्रापार ओमान. बीबीसीचं ओमानमधलं १४१३ किलोहर्ट्झ मी कितीतरी हिवाळे असंच ऐकलं आहे.

समुद्राचंही देणं मोठं आहे. आमच्यापासून पुणं जवळ, मुंबई लांब, तरी भर दुपारी मुंबईचं १०४४ आणि ५५८ खणखणीत आणि पुण्याचं ७९२ मिणमिणतं. दिवसा लहर जमिनीलगत येते. खारं पाणी तिला मातीपेक्षा हजारपट चांगला रस्ता देतं. मुंबईची लहर मालाडहून निघून बरीचशी पाण्यावरून येते, पुण्याची सह्याद्री आणि कातळ चाटत.

रात्रीचा कारभार निराळा. दिवसा वरच्या वातावरणातला डी थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरांवरून परत खाली येतात. तिन्हीसांजेला आधी पूर्वेकडची स्टेशनं जागी होतात, कारण तिकडे अंधार आधी पडलेला असतो. आखाताला आणखी तास-दीड तास लागतो. पहाटे उलट, पूर्वेची आधी मावळतात. हा क्रम ऐकायला मला अजूनही आवडतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात कडकडाटाशिवाय फार काही नाही.

पण रात्री वरून उतरणारी लहर चौकटीला तितकी जुमानत नाही. ती तिरकी येते, तिची दिशा मिनिटामिनिटाला हलते, म्हणून मुंबई दिवसा जशी मिटते तशी रात्री मिटत नाही. मध्येच डोकं वर काढते. आणि चौकटीला पुढचं-मागचं कळत नाही. १५७५ किलोहर्ट्झवर थायलंडमधला आणि अमिरातीतला असे दोन प्रक्षेपक असायचे, दोघेही दांडगे. आमच्यापासून एक पूर्वेला, एक पश्चिमेला, जवळजवळ पाठीला पाठ. कड एकाकडे केली की दुसऱ्याकडेही गेलीच. कितीही फिरवा, एकीकडे थायलंडची गाणी आणि त्याच्यातूनच फारसी बातम्या. तिथे माझी चौकट हरायची. १५२१ वर मात्र जिंकली होती. तिथे सौदीचं दोन हजार किलोवॉटचं धूड बसायचं, वायव्येला. त्याच आकड्यावर आपलं औरंगाबाद, ईशान्येला, शक्तीने किरकोळ. सौदीकडे चेहरा करून गँग ओढत नेला, आणि अरबी आवाज ओसरला तेव्हा खालून मराठी वर आली. बाजारभाव चालले होते. कुणी सोयाबीनचा भाव ऐकून इतकं हरखलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

घरातल्या घरघरीलाही हाच इलाज लागू पडतो, पण ती एका जागेहून येत असेल तरच. म्हणून आधी ट्रान्झिस्टर काखेत घेऊन घरभर हिंडायचं आणि चोर शोधायचा. आमच्याकडे पडवीतला दिवा निघाला. तो बदलला. सीसीटीव्ही दुसऱ्याचा, त्याला काही म्हणता येत नाही. चौकट त्याच्याकडे चेहरा करते आणि विषय मिटतो.

हा सगळा कचरा नसता तर पट्टी कशी असती, हे २०२० साली निसर्ग चक्रीवादळानंतर ऐकलं. ३ जूनला वादळ गेलं, वीज गेली, मोबाइलला रेंज नाही. वादळ ओसरल्यावर सेलवरचा रेडिओ लावला तर मागची सगळी घरघर गायब, फक्त दूरच्या विजांची कडकड. चौकटीची गरजच पडली नाही. गडग्यापलीकडची माणसंही आमच्या ओट्यावर मुंबईच्या बातम्या ऐकायला येऊन बसली. कुणाचे माड पडलेले, कुणाची कौलं गेलेली, आणि मी मनात म्हणत होते, काय शांत आहे ही पट्टी! तेव्हा हे कुणाला बोलून दाखवलं नाही.

गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे कितीतरी मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद झाले, एफएम आलं. त्यामुळे वर दिलेल्या आकड्यांवर आज तेच लागेल असं धरून चालू नका. जागा रिकामी झाली की मागून कुणीतरी परदेशी डोकावतं, ही आमच्यासारख्यांची मिळकत. पण गावातल्या स्टेशनवर टाळं पडल्याचं ऐकून मिळकतीचा आनंद होत नाही.

शेजारचा इरफान ओमानमधल्या सोहारला नोकरीला होता तेव्हा त्याने तिकडे अशीच चौकट केली. "काकी, राजकोट लागलं!" असा रात्री फोन आला होता. राजकोटचं १०७१ म्हणजे हजार किलोवॉट, लागणारच. त्याला अडलं ते गँगवर. लाकूड आणि तार तिकडे मिळाली, गँग काही मिळेना. शेवटी गावातून परत जाणाऱ्या एकाच्या सामानात, घरून पाठवलेल्या काजूच्या पिशवीत घालून पाठवला. आता इकडेही तेच झालंय. नवीन सेटमध्ये गँग नसतो, सगळं चिपवर. तेव्हा घरात माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ मरून पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मागचा पुठ्ठा काढा, ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांचा तो गँग बघा. पाकळ्या वाकलेल्या नसतील आणि एकमेकींना टेकत नसतील तर काढून घ्या. धूळ ब्रशने झाडायची, तेल घालायचं नाही.